आक्काची परीक्षा तिच्या भाषेत घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या भाद्रपदात माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आम्ही बेळगाव शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. आक्का ८३ वर्षांची, येळ्ळूरला असते. महिनाभर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती आणि डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब चुकत होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचणीचा छापील कागद पुढ्यात घेतला आणि कन्नडमधून सुरुवात केली, "इदु याव वर्ष?" म्हणजे हे कुठलं वर्ष? आक्काला बाजारापुरतं कन्नड येतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मराठीत सांगायला गेलो तर मला थांबवलं. त्यांचंही चूक नव्हतं, नाहीतर सोबतचा माणूसच उत्तरं देऊन मोकळा होतो.

मग मोडक्या मराठीत पुढचे प्रश्न झाले. महिना कुठला? आक्का म्हणाली, भाद्रपद. डॉक्टरांना सप्टेंबर हवा होता. ऋतू कुठला? "भात पोटरीत आलंय की वो," ती म्हणाली. राज्य कुठलं? आक्का ठाम आवाजात म्हणाली, "महाराष्ट्र." संपादक महाराज, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्या घरात या प्रश्नाला हेच उत्तर आहे. आक्का तेव्हा परकरी पोर होती. त्या उत्तराला शून्य गुण मिळाला, पण ते विसरण्यामुळे दिलेलं उत्तर नव्हतं. नंतर शंभरातून सात, त्यातून परत सात वजा करायला लावले. शेवटी जिने जन्मात पाटी-पेन्सिल धरली नाही, तिला एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला सांगितले. ३० पैकी ११ गुण पडले.

त्याच संध्याकाळी तिच्या उशाखालच्या किल्ल्या आणि दुधाची वही काढून घेतली गेली. घरच्यांनी ते काळजीपोटीच केलं. पण आठ दिवस आक्का कुणाशी धड बोलली नाही.

मी परिवहन मंडळात ३४ वर्षं कंडक्टर होतो, १९७४ ते २००८. आज माझं वय ७५. म्हातारपणी डोक्यात काय काय बदलतं हे मी स्वतःवरच बघतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

परवा गणपत गल्लीत एकाने मला हात केला. चेहरा बघताक्षणी कळलं, हा होनग्याला चढायचा, संकेश्वरला उतरायचा, खांद्यावर शिलाई मशीनचं डोकं असायचं, शंभराची नोट द्यायचा आणि सुट्यावरून भांडायचा. सगळं आठवलं, नाव तेवढं आलं नाही. ते रात्री जेवताना, मी ते शोधणं सोडून दिल्यावर आपसूक आलं. माझी नात पुण्यात नर्सिंग शिकते. ती म्हणाली, आजोबा, यावर प्रयोग झालेत. माणूस शिंपी आहे हे लक्षात राहतं, कारण त्याला कात्री, टेप, मशीन असे दहा धागे असतात. पण 'शिंपी' हे नुसतं आडनाव असेल तर त्याला धरायला काहीच नसतं, ते निसटतं. तरुणांचंही निसटतं, आपलं जास्त निसटतं. नाव पुसलं जात नाही, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वाट अरुंद होते.

दुसरी गोष्ट वेगाची. पूर्वी मी एका हाताने पंच मारत, दुसऱ्याने पैसे घेत, तोंडाने "मुंद होग्री, पुढं सरका" म्हणत, डोक्यात वेबिलाची, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाची, बेरीज धरून ठेवायचो. आज चहा गाळताना कुणी काही विचारलं तर चहा सांडतो. एका वेळी दोन कामं आता जमत नाहीत. हे पन्नाशी-साठीत एकदम येत नाही. वेगातली घसरण तिशीच्या आसपासच हळूहळू सुरू होते म्हणतात, फक्त तेव्हा ती जाणवत नाही.

आणि राहिलं काय, तर पुष्कळ राहिलं. काकती, होनगा, सुतगट्टी, वंटमुरी घाट, हत्तरगी, संकेश्वर, कणगला, तवंदी घाट, निपाणी, ही माझ्या गाडीची वाट. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन, उलटंही म्हणेन. पावकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ आहेत. शब्द तर वाढलेच आहेत. वाचनालयात तरुण पोरं एखादा जुना शब्द अडला की मलाच विचारतात. शब्दांचं ज्ञान साठी-पासष्टीपर्यंत आणि पुढेही वाढत राहतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्या १९५६ साली आमचा प्रांत बदलला, त्याच साली अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने एक मोठा अभ्यास सुरू केला. दर सात वर्षांनी त्याच त्या माणसांना बोलावून तपासायचं, असा तो पन्नासहून अधिक वर्षं चालला. साठीआधी बहुतेकांच्या बुद्धीत म्हणावी अशी घट दिसली नाही. पुढे दिसली तीही सगळ्यांत सारखी नाही, आणि एकाच माणसाच्या सगळ्या शक्तींत एकदम नाही. आपल्याकडे मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून एका दमात सगळ्यांचा निकाल लावतात. ही म्हण मला आता ऐकवत नाही.

या म्हणीने दुहेरी नुकसान होतं. धडधाकट माणसाच्या हातून व्यवहार काढून घेतले जातात आणि जो खरोखर आजारी आहे त्याला "वयच झालं" म्हणून घरात बसवून ठेवतात. माझ्याबरोबरचे एक ड्रायव्हर होते. नाव सांगत नाही, पण आमच्या डेपोत त्यांच्यासारखी गाडी कुणी घाटात चढवत नसे. निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी ते पहाटे चारला खाकी घालून डेपोत ड्युटीवर हजर व्हायला लागले. पोरं हसायची, चहा पाजून परत पाठवायची. घरचेही म्हणायचे, म्हातारचळ लागलाय. मग देवऋषी झाला, अंगारे झाले. एक दिवस ते स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, की वडगावला जायची गाडी कुठून सुटते. वडगावातच उभे होते ते! डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तीन वर्षं निघून गेली होती. मी त्यांना चहा पाजणाऱ्यांतलाच एक होतो. अजून ते आठवलं की घास उतरत नाही.

नाव न आठवणं वेगळं आणि रोजची वाट न ओळखणं वेगळं. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणं, जन्मभराचं काम हातातून सुटणं, स्वभाव पालटणं, हे वयाचं म्हणून सोडून द्यायचं नसतं. २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरातल्या सातांहून थोड्या जास्त माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज काढला गेला. पण त्याच आकड्यावरून हेही दिसतं, की नव्वदाहून अधिक माणसांना तो नाही.

आता आक्काचं पुढे. नातीच्या आग्रहाने आम्ही तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्त तपासलं, कान तपासले. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं आणि डाव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? बी-१२, थायरॉइड, मनाची उदासी, काही झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस विसराळू होतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. इंजेक्शनं झाली, कानाला मशीन आलं. तीन महिन्यांनी तिथल्या सिस्टरने मराठीतून, न शिकलेल्या माणसाला झेपतील असे प्रश्न विचारले. आठवड्याचे वार उलटे म्हण, बाजाराला जाऊन काय काय आणशील ते सांग, असे. आक्का पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही, संध्याकाळी अजून गोंधळते. पण दुधाची वही परत तिच्याकडे आली आहे. वही म्हणजे खरं तर गोठ्याच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा, सून त्या वहीत उतरवते.

माझं मागणं एवढंच आहे. सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांत, वृद्धांची ही तपासणी त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या शिक्षणाच्या बेताने व्हावी. हे काही आकाशातले तारे मागणं नव्हे. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी तीस वर्षांपूर्वीच प्रश्न बदलून हिंदीत चाचणी तयार केली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही अशा चाचण्यांचा संच पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत बसवला. त्यात कन्नड आहे याचा मला आनंदच आहे, माझी अर्धी नोकरी त्या भाषेत झाली. तशीच पारखून घेतलेली मराठी चाचणी इथल्या सरकारी दवाखान्यांत असावी. शंभरातून सात वजा करताना त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी हे आकडे मराठी माणसाला मराठीतच सुचतात. परक्या भाषेत तो आधी भाषांतर करतो, मग वजाबाकी, आणि तेवढ्यात मूळ आकडाच हरवतो.

आणखी एक. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळेत न गेलेल्यांतही तसंच दिसलं. सगळ्याच अभ्यासांत असं आढळलेलं नाही. तरी आमच्यासारख्या, घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि मटणाच्या दुकानात उर्दू बोलणाऱ्या गावाला ही गोष्ट कळायला हवी. भाषेवरून आम्ही इतकी वर्षं भांडलो, पण दुसरी भाषा आली म्हणून कुणाचं डोकं बिघडलं नाही.

मराठी चाचणी यायला वेळ लागणार, हे मला कळतं. तोवर कुठल्याही सरकारी दवाखान्याला दुभाषा हवा असेल तर मी यायला तयार आहे, पैसे नकोत. उत्तरं मध्ये सांगणार नाही, प्रश्न जसाच्या तसा मराठीत विचारीन आणि उत्तर जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगेन. बुधवारी आणि शनिवारी सकाळी दहापासून मी मोकळा असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त कंडक्टर,
वडगाव, बेळगाव