आधी झोप पुरी होऊ द्या

खासगी दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, त्या निर्णयाला माझा आक्षेप आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याचे सांगितले जाते. पण जादा कामाची तिमाही मर्यादाही १४४ तासांपर्यंत वाढवली आहे. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने मुंबईत येणाऱ्यांचे जाण्यायेण्यातच तीन-चार तास जातात. रात्री साडेनऊला घरी पोहोचलेला माणूस मुलांचा गृहपाठ बघणार, की उद्याच्या डब्याची भाजी निवडणार? (बाई असेल तर दोन्ही.) अशांसाठी काही कंपन्या ताणमुक्तीची शिबिरे भरवतात, तीही सुट्टीच्या दिवशी! डोळे मिटून श्वास मोजल्याने समाधान मिळत असेलही, पण झोपेची थकबाकी त्याने फिटत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज त्याच रविवारी कार्यालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप सकाळपासून वाजत असतो. सरकारने तास वाढवण्याऐवजी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कायद्याने द्यावा. तसे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेलेही आहे.

– एक नोकरदार वाचक, बदलापूर