दोन सिमांचा हिशेब

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू शिकायला परदेशी निघालीस आणि मी फोनबद्दल पत्र लिहितोय, हस खुशाल. समोर बसून सांगायला घेतलं की तू "हो बाबा, कळलं" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे लिहून तुझ्या बॅगेत ठेवतोय.

पहिली गोष्ट, इथला नंबर बंद करायचा नाही. पैसे वाचवायला म्हणून अनेक मुलं तो सोडून देतात आणि मग बँकेचा ओटीपी मेलेल्या नंबरावर जात राहतो. बँकेत नंबर बदलायला बहुधा शाखेतच बोलावतात. तू काय विमानाने येणार? शिवाय सोडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते. तेव्हा छोटा रिचार्ज मारत तो जिवंत ठेव. रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घे, काही कंपन्यांचं ते बाहेर गेल्यावर होत नाही. मेसेज येऊ देत, पण डेटा रोमिंग बंद म्हणजे बंद. त्या नंबरावर आलेला कॉलही उचलू नकोस, रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचेही पैसे पडतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार दिवसांच्या कामासाठी बाहेर गेलो होतो, तेव्हा मी एकही फोन केला नाही याचा मला केवढा अभिमान होता! खिशातल्या खिशात मेल उतरत होत्या, अ‍ॅप अपडेट होत होती. बिल आलं तेव्हा आईने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने.

आता फोन. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघ, चालतंय ना. हप्त्यावर किंवा प्लॅनसोबत घेतलेले फोन कधी कधी त्याच कंपनीच्या सिमला लॉक असतात. अजून एक खोच आहे: कित्येक देशांत 3जी बंद झालंय आणि कॉल 4जी वरून जातात. फोनचं मॉडेल तिथल्या कंपनीच्या यादीत नसेल तर नेट धावतं, कॉल मात्र लागत नाही. *#06# दाबलंस की 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. काही कंपन्यांच्या साइटवर तो टाकून तपासता येतं. तो कागदावरही लिहून ठेव. फोन चोरीला गेला तर तोच विचारतात, आणि फोनमध्येच साठवलेला आयएमईआय तेव्हा काय कामाचा!

उतरल्यावर लगेच नेट हवं म्हणून प्रवासी ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायचं सिम, इथूनच, घरच्या वायफायवर टाकून घे. नकाशा, टॅक्सी, "पोचले" एवढ्यापुरतं ते छान. पण त्यात बहुतेक वेळा नुसता डेटा असतो, नंबर नसतो. तिथली बँक आणि घरमालक नंबर मागणारच. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिथलं सिम घे. विमानतळावरच्या काउंटरवर भुलू नकोस, ते पर्यटकांसाठी असतात. पासपोर्ट सोबत ने, काही ठिकाणी पत्त्याचा पुरावाही मागतात.

घ्यायचं ते प्रीपेड. "फोन फुकट, करार 24 महिन्यांचा" हे ऐकलंस की तुझा कोर्स किती महिन्यांचा आहे ते आठव. मधेच सोडलं तर उरलेले पैसे भरावे लागतात. तसंही नव्या माणसाचा तिथे क्रेडिट इतिहास, म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसतो, त्यामुळे करार नाकारतात किंवा अनामत मागतात. स्वस्त कंपन्यांना नाक मुरडू नकोस, त्यातल्या बऱ्याच मोठ्या कंपनीचेच टॉवर भाड्याने वापरतात. गर्दीच्या वेळी वेग जरा कमी मिळतो इतकंच. हॉस्टेलच्या तुझ्याच मजल्यावर कुणाचं नेटवर्क येतं, ते सीनियरना विचार. जाहिरातीतला नकाशा भिंतींच्या आतलं सांगत नाही.

सिम बदललंस की व्हॉट्सअ‍ॅप "नंबर बदलला का?" विचारेल. नाही म्हण. ते जुन्याच नंबरावर राहू दे, नाहीतर आत्या, मामा सगळे मला विचारत बसतील. सगळ्यांचे नंबर अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लावून सेव्ह कर. मदतीसाठी 112 बऱ्याच देशांत चालतो, तरी तिथला नंबर पहिल्या दिवशीच बघून ठेव.

आणि आईचा नंबर पाठ आहे का तुला? खरं सांग. काल विचारलं तेव्हा फोनकडे हात गेला होता तुझा.

सिमचा खण उघडायची पिन पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटपट्टीने चिकटवली आहे. जपून काढ, घरात तेवढी एकच होती.

तुझा,
बाबा