ययाती म्हणजे ‘भारतीय फाउस्ट’ नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चिरतारुण्याच्या कथांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात महाभारतातील राजा ययातीला ‘भारतीय फाउस्ट’ म्हटले आहे; फाउस्ट म्हणजे सैतानाशी करार करणारा जर्मन कथेतला विद्वान. हे बिरूद सोयीचे असले, तरी त्यामुळे दोन्ही कथांवर अन्याय होतो.

जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकात (पहिला भाग, १८०८) फाउस्टचा मेफिस्टोफेलिस या सैतानाशी झालेला करार मुळात तारुण्यासाठी नाहीच. एखाद्या क्षणाला ‘थांब, तू किती सुंदर आहेस’ असे मी म्हटले की मी तुझा झालो, अशी फाउस्टने लावलेली ती पैज आहे. तारुण्य मिळते ते नंतर, चेटकिणीच्या स्वयंपाकघरात तिने दिलेला काढा प्यायल्यावर. म्हातारा फाउस्ट सरळ तारुण्यच मागतो तो फ्रेंच संगीतकार गुनोच्या १८५९ च्या ऑपेरात, आणि लोकांच्या मनात बहुधा तोच ठसला आहे. ते काही असो, दोन्हीकडे आत्मा पणाला लागतो तो फाउस्टचा स्वतःचा. त्याच्या प्रेमात पडलेल्या ग्रेचेनची होरपळ होते खरी. पण तिच्याकडे कोणी तिचे तारुण्य मागितलेले नसते.

ययाती मात्र मागतो, आणि तेही पोटच्या मुलांकडे. महाभारताच्या आदिपर्वात सासरे शुक्राचार्य यांच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य येते आणि गयावया केल्यावर सवलत मिळते ती एवढीच, की हे म्हातारपण दुसऱ्याला देता येईल. मुलांची उत्तरे मुळातून वाचावीत अशी आहेत. यदू पांढरी दाढी आणि सुरकुतलेले अंग पुढे करतो. द्रुह्यू म्हणतो की म्हाताऱ्याला ना हत्तीवर बसता येते ना घोड्यावर, बोलतानाही तो अडखळतो. अनू तर सांगतो की म्हातारा लहान मुलासारखा अवेळी खातो आणि अस्वच्छ असतो. नकार देणाऱ्यांच्या वाट्याला शाप येतो आणि होकार देणाऱ्या धाकट्या पुरूला राज्य. व्यवहार इथेही आहेच, पण त्यात सैतान नाही. शाप आणि सिंहासन दोन्ही हाती असलेला बाप आहे.

खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) कादंबरीत ययातीच्या आयुष्यातल्या दोन स्त्रिया, देवयानी आणि शर्मिष्ठा, स्वतःची बाजू स्वतः मांडतात. गिरीश कर्नाडांच्या १९६१ च्या कन्नड नाटकात तर हाच व्यवहार सुनेच्या दारात येऊन उभा राहतो. नवरा एकाएकी जख्ख म्हातारा झालेला पाहून पुरूची पत्नी चित्रलेखा सासऱ्यालाच विचारते, की त्यांचे तारुण्य आपण घेतले, मग माझाही स्वीकार का करत नाही? ययाती निरुत्तर होतो आणि ती विष घेते. फाउस्टच्या चौकटीत चित्रलेखेला कुठे बसवायचे, हे लेखकाने सांगावे.

महाभारतात पुरूला त्याचे तारुण्य परत मिळते ते हजार वर्षांनी. आपल्या लेखात त्याचे नाव एकदाही आलेले नाही. उत्तरार्ध प्रसिद्ध होणार असल्याचे वाचले, त्यात ते यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा