पेंग्विनची आई फिरायला गेलेली नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फादर्स डेच्या पुरवणीत आपण एम्परर पेंग्विनच्या नराला ‘आदर्श बाबा’ ठरवलेत. लेख गोड होता, पण सोबतचा फोटो राणीबागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनचा होता. काश्मीरच्या बर्फावरच्या लेखाला चौपाटीच्या गोळेवाल्याचा फोटो लावावा, तसे झाले. हम्बोल्ट हा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. त्यांच्यात अंडी उबवायला नर-मादी आळीपाळीने बसतात.

फोटोचे एक वेळ सोडून देऊ. लेखातली आई अंडे बाबाच्या पायांवर सोपवून समुद्रावर मजेत निघून जाते, ते मात्र फार खटकले. बाबा सुमारे ६५ दिवस अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात अंडे पायांवर घेऊन उभा राहतो आणि एकूण चारेक महिने उपाशी असतो, हे खरेच. पण वसाहतीत आल्यापासून अंडे घालेपर्यंत, जवळपास दीड महिना, ती बाईही उपाशीच असते. त्यात अंगातली चरबी खर्चून साडेचारशे ग्रॅमचे अंडे तिने घडवलेले असते. समुद्रावर जाते ती पोट भरायला आणि पिल्लासाठी पोटात खाणे साठवून आणायला. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास ती परतते, शेकडो नरांच्या गलक्यातून नवऱ्याचा आवाज ओळखते, आणि मग तो जेवायला जातो. पुढे दोघांच्या पाळ्या लागतात. याला आमच्याकडे संसार म्हणतात.

बापाचे कौतुकच करायचे तर गिलेमॉटचे करा. उत्तर अटलांटिकच्या कड्यांवर, काडीचेही घरटे न बांधता, हे पक्षी उघड्या खडकावर एकच अंडे घालतात. दोघे मिळून ते उबवतात. पिल्लू तीनेक आठवड्यांचे झाले, पंख अजून उडण्याजोगे नसले, तरी एके संध्याकाळी कड्यावरून थेट समुद्रात उडी मारते. खालून बाप हाका मारत असतो, पिल्लू ओरडून उत्तर देते, आणि दोघे पोहत खोल समुद्रात निघून जातात. पुढचा महिना-दोन महिने त्याला भरवणे आणि सांभाळणे एकट्या बापाकडे. आई काही दिवस त्या रिकाम्या कड्यावरच थांबते. का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला तरी ती जागा राखून ठेवते असे वाटते. एस्टीत रुमाल टाकतो तसे.

उलटे उदाहरणही आहे. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा मॅग्निफिसंट फ्रिगेटबर्ड गळ्याची लालभडक पिशवी फुगवून मादीला भुलवतो आणि पिल्लू काही महिन्यांचे झाले की पसार होतो. आई ते वर्षभर पोसत बसते. याच्या अगदी विरुद्ध, लाल मानेच्या फॅलारोपची मादी नरापेक्षा रंगीत. अंडी घालून तीच निघून जाते, उबवणे-वाढवणे नराकडे. हा चिमुकला पक्षी टुंड्रात वीण करतो आणि हिवाळ्यात थव्याने आपल्या अरबी समुद्रावर तरंगत असतो, म्हणजे तो तर आपला शेजारी.

आता वाँडरिंग अल्बट्रॉस. एकच अंडे, अडीच महिने उबवणे, मग पिल्लू नऊ महिने घरट्यात. एकट्याने निभणारे हे काम नव्हे. पण चारा आणायला दोघे वेगवेगळ्या दिशांना जातात: अंगाने जड नर दक्षिणेच्या वादळी पाण्यात, हलकी मादी उत्तरेकडच्या उबदार समुद्रात. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, मासेमारीचे हजारो गळांचे लांबच लांब दोर नेमके त्याच उबदार पाण्यात सोडलेले असतात. आमिष गिळायला गेलेली मादी गळाला अडकून बुडते. घरट्यातले पिल्लू वाट पाहत उपासमारीने मरते. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर जोडीदारीण नसलेले नर वाढले आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच. आई कुठे जाते हे ठाऊक असेल तरच तिला वाचवता येईल. ‘समुद्रावर निघून जाते’ एवढ्यावर तिची बोळवण केलेली मला म्हणून रुचली नाही.

फोटोची दुरुस्ती जरूर छापावी. एम्पररच्या मानेला दोन्ही बाजूंनी पिवळा-केशरी रंग असतो, तर हम्बोल्टच्या छातीवर काळी कमान. पुरवणी लावणाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला