मालिकेतली आग एवढी घाईत का असते?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की मालिकांमध्ये वाडा जळताना दाखवतात तेव्हा भीती राहिली बाजूला, हसूच येतं, आणि कॉम्प्युटरवर बटण दाबून चिकटवलेली आग लगेच कळते म्हणून. वाचून जरा चुळबुळ झाली कारण मी तेच काम करतो. गोरेगावात एका स्टुडिओत बारा वर्षं व्हीएफएक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं बनवायच्या कामात आहे आणि त्यातली आठ-नऊ नुसती आग, धूर नि धूळ यातच गेली (बायको पाहुण्यांना सांगते, ह्यांचं कामच आगी लावायचं). हसू येतं हे कबूल, मलाही येतं. बटणाचं तेवढं मान्य नाही.

ती आग खोटी वाटते कारण ती फार घाईत असते. खरी आग जेवढी मोठी तेवढी संथ. जाळाच्या बुडाशी एक फुगवटा धरतो, तो वर सरकतो, शेंड्याला तुटतो, मग परत दुसरा. सेकंदाला असं किती वेळा होणार ते आगीच्या रुंदीवर ठरतं आणि त्याचा ढोबळ हिशोब पण आहे, दीडला रुंदीच्या वर्गमुळानं भागायचं, रुंदी मीटरमध्ये. चुलीतला फूटभर जाळ धरला तर सेकंदाला पावणेतीन वेळा येतं, आणि तोच जाळ १६ फूट रुंद असेल तर सेकंदाला एकदासुद्धा नाही, तीन सेकंदांत जेमतेम दोनदा. आजी फुंकणी मारून चूल पेटवायची तो जाळ कसा फडफडायचा आणि शिमग्याला देवळापुढं होळी पेटली की ती कशी भस्सकन उठायची, जरा बसायची, परत उठायची, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. गणित येवो न येवो, डोळ्याला ते पाठ असतं.

आता मालिकेत काय होतं सांगतो. घमेल्यात आग लावून काळ्या पडद्यापुढं शूट केलेल्या क्लिपा रेडीमेड मिळतात, त्यातली एक उचलायची आणि वाड्याच्या दरवाज्यावर ताणून बसवायची. फूटभर आग १६ फूट केली म्हणजे ती चारपट हळू दिसायला पाहिजे, म्हणजे मुळात सेकंदाला १०० फ्रेमनं, म्हणजे १०० चित्रांनी, शूट करून २५ नं दाखवायला पाहिजे, पण क्लिप असते २५ चीच, मग अख्खा वाडा घमेल्यासारखा फडफडतो. मागं एका मालिकेसाठी मी हट्टानं ती क्लिप काढून टाकली आणि नवीन आग सिम्युलेट केली, बरोबर स्पीडची. डायरेक्टरसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, आग मेलीय का रे, जरा जान टाक ना!

सिम्युलेशन म्हणजे हवेचे बारीक बारीक ठोकळे करायचे, त्यांना आम्ही व्हॉक्सेल म्हणतो, आणि प्रत्येकात इंधन किती, ताप किती, वारा कुठं चाललाय हे कॉम्प्युटरनं फ्रेमला फ्रेम मोजायचं. ठोकळा निम्मा बारीक केला की मेमरी आठपट लागते, त्यामुळं रात्री लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, कधी आग मिळते आणि कधी हार्डडिस्क फुल झाल्याचा मेसेज. हे काही आजचं नाही, १९८२ च्या एका हॉलिवूड पिक्चरमध्ये अख्ख्या ग्रहावर पसरत जाणारी आगीची भिंत लुकासफिल्म कंपनीच्या विल्यम रीव्ह्ज यांनी नुसते ठिपके उडवून केली होती आणि १९८३ मध्ये त्यावर पेपर पण लिहिला. आता तर ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातही आग करता येते. म्हणजे सॉफ्टवेअर नाही म्हणून अडलंय असं नाही. एपिसोड उद्या जाणार असतो आणि शॉट आज दुपारी हातात येतो, तिथं अडतं.

रंगाचं पण तसंच. जाळ पिवळा दिसतो तो आतली काजळी तापून चमकते म्हणून, गॅसच्या शेगडीत काजळी धरत नाही म्हणून ती निळी. आम्हाला ताप सांगितला की रंग आपोआप येतो पण वरून निरोप येतो की भगवी करा, प्रोमोत उठून दिसते.

आणि खरं बिंग तर आगीच्या बाहेर फुटतं. मागं दरवाजा धडधडून पेटलाय आणि पुढं सूनबाईंच्या तोंडावर बँकेत असतो तसला पांढरा उजेड! तो हलता तांबूस उजेड शूटिंगच्या वेळीच पाहिजे, एक एलईडी पॅनल घेऊन डिमरवर कमीजास्त करत राहिलं तरी भागतं, नंतर माझ्यापाशी आणून काही उपयोग नाही.

काहीजण म्हणतात मग खरीच आग लावा की. १९८९ च्या ८ फेब्रुवारीला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत एका टीव्ही मालिकेच्या सेटला शूटिंग चालू असताना आग लागली आणि ६२ माणसं गेली. सेट म्हणजे प्लायवूड, कापड, थर्माकोल आणि रंग. तिथं कुणी काडी ओढावी असं मला तरी वाटत नाही, भले आमच्या आगीला लोक हसोत.

तो वाड्याचा शॉट माझ्या लॅपटॉपवर अजून आहे, हळू असलेला. जान टाकलेला टेलिकास्ट झाला, आणि त्या वाचकांनी पत्रात ज्या सीनचं वर्णन केलंय ते बघता बहुतेक तोच असावा.

आपला,
एक आग लावणारा, गोरेगाव