उणे चार: दादा, तुमचे मनापासून आभार

प्रिय दादा,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. ऑफिसच्या पार्टीनंतरच्या ‘निजिकाई’त, म्हणजे दुसऱ्या बैठकीत, कराओकेचा माईक हातात आला की घाम फुटणारे मराठी लोक जपानात पुष्कळ आहेत. तुम्ही शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावं.

“आवडतं ते बिनधास्त गा, कोण ऐकतंय?” असं सांगणारे खूप भेटले होते. ध्रुवपदात आवाज फाटल्यावर तेच हसले. एकाने तर गाणं मध्येच बंद केलं. तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत. गाणी निवडायचा टॅबलेट जवळ ओढून फ्लॅटचं बटण चार वेळा दाबलंत आणि गाणं संपल्यावर ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहून दिलंत: ‘रॉबिन्सन, उणे चार’. खोलीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती चकती अजून पाकिटात आहे.

त्या ‘उणे चार’चा अर्थ तुम्ही पेटीच्या भाषेत सांगितलात म्हणून तो डोक्यात बसला. फ्लॅट एकदा दाबलं की गाणं पेटीवर एक घर, म्हणजे लगतची एक पट्टी, खाली येतं, मग ती काळी असो वा पांढरी. आपल्याकडे गवई आधी आपली पट्टी सांगतो, मग साथ सुरू होते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग मूळ पट्टीतच गायचा हट्ट इथे कशाला? स्पिट्स या जपानी बँडचं ‘रॉबिन्सन’ (१९९५) ऐकायला मऊ आहे, पण ध्रुवपदात ते असं चढतं की साध्या पुरुषी गळ्याचा श्वास कोंडतो. फसायला होतं ते अशाच गाण्यांत. एक्स जपानचं ‘कुरेनाई’ (१९८९) निदान उघड उघड धमकी देतं. संथ इंग्रजी ओळींनी सुरू होतं, मग एकदम वेग घेतं आणि शेवटपर्यंत वरच राहतं.

म्हणून गाणं निवडताना दोन जागा तपासायच्या: ध्रुवपदातला, म्हणजे ‘साबी’तला सगळ्यात उंच स्वर आणि कडव्यातला सगळ्यात खालचा. लोक फक्त पहिला बघतात. पट्टी पाच-सहा घरं उतरवली की साबी जमते, पण कडवं छातीत बुडून जातं आणि माईकला काही ऐकूच येत नाही. सात घरं उतरवावी लागणार असतील, तर उलट पाच घरं चढवायची आणि एक सप्तक खाली गायचं. सप्तकात बारा स्वर, त्यामुळे हिशेब तोच. बायकांच्या आवाजातली बरीच गाणी पुरुषांना या युक्तीने पेलतात.

दुसरी चूक शब्दांची. साबी पाठ असते, कडवं कधी नीट ऐकलेलंच नसतं. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारा बारीक ‘काना’ (जपानी अक्षरं) असतो, त्यामुळे हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्या येत असल्या तरी भागतं. फक्त तो बारीक काना वाचायचा, कांजी नाही. एरवी ‘रियू’ वाचतो ते गाण्यात बऱ्याचदा ‘वाके’ असतं.

आणि मात्रा! जपानीत ‘त्त’सारख्या जोडाक्षराआधीचा थांबा एक मात्रा घेतो, ‘न्’सुद्धा एक पूर्ण मात्रा घेतो. ‘कित्ते’ला तीन मात्रा, कारण जपानी ‘ते’ ऱ्हस्व असतो. मात्रावृत्त शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘त्सु’ला तर आपण घाबरायचं कारणच नाही, ‘चूक’मधला ‘चू’ म्हटला की झालं.

सुरुवातीसाठी तुम्ही ब्लू हार्ट्सचं ‘लिंदा लिंदा’ (१९८७) सुचवलंत, ते किती योग्य होतं! हळू आवाजात सुरू होतं, तेवढ्यात गळा सापडतो, आणि साबीत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने सगळी खोली आपल्याबरोबर ओरडते. बम्प ऑफ चिकनचं ‘तेन्ताई कान्सोकु’ (२००१) दुसऱ्या फेरीला. त्यात उंचीपेक्षा शब्दांची दाटी त्रास देते, म्हणून श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवून ठेवायचं. नवीन गाणं पहिल्यांदा गाताना गाइड मेलडीचा, म्हणजे गाण्याची चाल वाजवून दाखवणाऱ्या सुरांचा, आवाज वाढवायचा. रॉकमध्ये आपला आवाज दबला तर माईक वाढवायचा नाही, वाद्यं दोन खुणा कमी करायची, नाहीतर शिट्टी वाजते. माईकची जाळी मुठीत धरली तरी तेच होतं. एको, म्हणजे आवाज घुमवणारा प्रतिध्वनी, कमी ठेवायचा, नाहीतर वेगाचे शब्द एकमेकांत मिसळतात. चौघांच्या एका तासात प्रत्येकाला जेमतेम तीन गाणी मिळतात, तेव्हा लांबलचक गिटारचं गाणं घेऊन बाकी तिघांना ताटकळत ठेवायचं नाही.

कोबेचे वादक इनोउए दाइसुके यांनी एका गिऱ्हाइकाला त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेप करून दिली, त्यातून १९७१मध्ये त्यांचं कराओके यंत्र आलं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. गाणाऱ्याला सांभाळून घेणारी साथ, यासाठीच हे सगळं जन्माला आलं. तुम्ही ते बटण दाबलंत तेव्हा तेच केलंत, तेही समोरच्याला ओशाळं न करता. असा सभ्यपणा फार थोड्यांकडे असतो, दादा.

चकतीच्या मागची बाजू अजून कोरी आहे. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा ‘तेन्ताई कान्सोकु’ची पट्टी तिथे लिहून द्या. उणे दोन की उणे तीन, यावर अजून अडलंय.

तुमचा,
चकती जपून ठेवलेला धाकटा