छत नंतर, रूळ आधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या विमानतळाची बातमी आली की मथळ्यात आकडा असतोच: वर्षाला इतके कोटी प्रवासी. ते कोटी लोक तिथवर पोहोचणार कसे, हे शेवटच्या परिच्छेदात असलं तर असतं.

कॅनडात माँट्रियलजवळ १९७५ मध्ये मिराबेल विमानतळ सुरू झाला. जमीन इतकी घेतली होती की पुढे बरीचशी मूळ मालकांना परत करावी लागली. शहर पन्नासेक किलोमीटरवर. रेल्वे यायची होती, ती आलीच नाही. शहरालगतचा जुना विमानतळही देशांतर्गत उड्डाणांसाठी चालूच राहिला. म्हणजे परदेशातून मिराबेलला उतरा, बॅगा गोळा करा आणि पुढच्या विमानासाठी रस्त्याने दुसरा विमानतळ गाठा! त्यातच लांब पल्ल्याची विमानं आली आणि युरोपहून येणाऱ्यांना माँट्रियलला थांबायचीही गरज उरली नाही. २००४ मध्ये प्रवासी वाहतूक बंद झाली, टर्मिनल पुढे पाडून टाकलं.

विमानांचे अंदाजही असेच फसतात. एअरबस ए-३८० या दुमजली महाकाय विमानासाठी ठिकठिकाणी दुमजली एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानात नेणारे पूल) उभारले, टॅक्सीवे म्हणजे धावपट्टीपर्यंत नेणारे विमानांचे रस्ते रुंद केले. शेवटचं ए-३८० २०२१ मध्ये ग्राहकाला दिलं गेलं, उत्पादन संपलं. उलट बोइंगने आपल्या ७७७एक्स या मोठ्या विमानाच्या पंखांची टोकंच दुमडती केली. हवेत सुमारे ७२ मीटरचे पंख जमिनीवर ६५ मीटरच्या आत येतात आणि विमान नेहमीच्या जागेत उभं राहतं. विमानानेच अंग चोरलं म्हणायचं.

धावपट्ट्या वाढवल्या म्हणजे झालं, असंही नाही. लंडनच्या गॅटविकने २०१९ मध्ये एका वेळी एकच धावपट्टी वापरून साडेचार कोटींहून जास्त प्रवासी हाताळले. ती किमया वेळापत्रकाची आणि नियंत्रण कक्षाची.

टर्मिनल टप्प्याटप्प्याने वाढवता येतं. पहिल्या दिवशी भव्य छत नसलं तर कुणाचं विमान चुकत नाही. पण पुढच्या धावपट्टीची जागा आणि रेल्वेची वाट आधी राखली नाही, तर भोवती वस्ती वाढल्यावर ती मिळवणं म्हणजे लोकांची घरं उठवणं.

तेव्हा एक विनंती. यापुढे अशी बातमी छापताना कोटींच्या आकड्याशेजारी एक तारीखही छापा: पहिली रेल्वेगाडी तिथे कधी पोहोचणार, त्याची.

— एक वाचक